बारा पदरांची परीक्षा: जाड कामासाठी घरची शिलाई मशीन

पोळा जवळ आला की माझ्या पडवीत बैलांच्या झुली येऊन पडतात. मग सोयाबीनच्या राशी झाकायच्या ताडपत्र्या. दसऱ्याआधी ऊसतोडीला निघालेल्या घरांच्या वाकळा आणि पालाची कापडं. जूनमध्ये शाळेची दप्तरं. ब्लाउज आणि फॉल-पिको करणाऱ्या आमच्या अंबाजोगाई तालुक्यात कमी नाहीत, म्हणून मी जाड कामाकडे वळले. आता दर महिन्याला कोणीतरी विचारतंच, "ताई, हेवी ड्यूटी मशीन कोणती घेऊ?"

मी उलट विचारते, "किती पदर शिवायचेत?"

कारण "हेवी ड्यूटी" हे खोक्यावर छापायचे दोन शब्द आहेत. ते छापण्यासाठी मशीनने अमुक इतके पदर शिवलेच पाहिजेत, असा काही नियम नाही. माझ्या पहिल्या मोटारवाल्या मशीनच्या खोक्यावरही ते होते. दुकानदाराने पातळ पॉपलिनवर वेली, फुलं, बदकंसुद्धा काढून दाखवली आणि मी भुलले. दुसऱ्याच आठवड्यात भावाच्या जीन्सची लांबी कमी करताना सुई अडकली. मी पायडल तसंच दाबून धरलं आणि मोटारीतून जळका वास आला. बदकं आजतागायत कुणी मागितली नाहीत.

आधी पदर मोजा

जीन्सचंच बघा. पायाच्या आतल्या बाजूला चपटी दुहेरी शिवण असते, तिच्यात कापडाचे चार पदर एकात एक अडकवलेले असतात. खालची कड दोनदा दुमडली की ते चार तिप्पट होतात, म्हणजे त्या बोटभर जागेत बारा पदर. बाकी सगळी कड तीनच पदरांची! मशीनची परीक्षा त्या बारा पदरांवर होते, तीनवर नाही.

वाकळीचं उलटं. जुनी लुगडी, साड्या, धोतरं मिळून सहा-सात पदर असले तरी कापड मऊ आणि विरलेलं असतं, सुई सहज जाते. तिथे अडचण आकाराची. एवढं मोठं बोचकं मशीनच्या हाताखालून सरकवायचं कसं? झुलीत जाड कापड, अस्तर आणि कडेची पट्टी. दप्तरात कॅनव्हास, फोम, अस्तर आणि वरून नवारीचा पट्टा दुहेरी. पट्टा जिथे दप्तराला जोडतो ती जागा सगळ्यात वाईट. ताडपत्री पातळ असते, पण घसरते आणि प्रत्येक भोक कायमचं राहतं.

तेव्हा वहीत लिहा की वर्षभरात काय काय शिवणार, त्यातली सगळ्यात जाड जागा कोणती, आणि आठवड्यात किती तास. मग त्या सगळ्यात जाड जागेचा नमुना घडी घालून पिशवीत ठेवा. जुन्या जीन्सचा तळाचा तुकडा उत्तम. हा तुकडा न घेता दुकानात जाऊ नका.

कोणती मशीन कशाला

साधी काळी पायमशीन अनेक घरांत आजीच्या किंवा सासूच्या काळापासून पडून असते. अंग बिडाचं, आतले भाग लोखंडाचे, टाका एकच, सरळ. नीट तेलपाणी केलं तर जीन्स आणि वाकळ ती निमूट शिवते. आपल्याकडे वीज कधी जाईल आणि व्होल्टेज कधी पडेल याचा नेम नाही, तिथे पायाने चालणारी मशीन म्हणजे हक्काचं माणूस. नवीन घ्यायच्या आधी घरातली जुनी मिस्त्रीला दाखवा. कित्येकदा पट्टा, सुई, बॉबिन केस (खालच्या दोऱ्याची बॉबिन बसते ती डबी) आणि साफसफाई एवढ्यावर भागतं.

त्याच्या पुढची पायरी टेलर किंवा लिंक मॉडेलची. रोज आठ तास चालवणाऱ्या शिंप्यांसाठी ती बनवलेली असते. आणखी पुढे अंब्रेला मशीन. नाव छत्रीचं, पण रेक्झिन, कॅनव्हास, ताडपत्री, पिशव्या सगळं शिवते. अंग मोठं, हाताखाली जागा जास्त. टाका सरळच. माझ्या पडवीत आज हीच आहे. जाड कामाचा घरगुती धंदा करायचा असेल तर माझं मत हिच्या बाजूने.

मग येतात वजनाला हलक्या, टेबलावर ठेवायच्या झिगझॅग मशीन. त्यांच्यातही हेवी ड्यूटी म्हणून विकल्या जाणाऱ्या आहेत. सिंगरची 4423 त्यातली माहितीची. आत धातूचा सांगाडा, 23 प्रकारचे टाके, मिनिटाला 1100 टाक्यांपर्यंत वेग. घरचे पडदे, जीन्स, उशांचे अभ्रे, अधूनमधून एखादं दप्तर, आणि सोबत काज, झिगझॅग हवं असेल तर असली मशीन ठीक. रोज दहा दप्तरं काढायची असतील तर नाही. तिची मोटार लहान असते, तासन् तास जाड शिवलं की तापते.

शेवटी कारखान्यातली, जिला आपल्याकडे कंपनी कोणतीही असो, सरसकट "ज्यूकी" म्हणतात. ज्यूकीची डीडीएल-8700 मिनिटाला 5500 टाक्यांपर्यंत जाते. आकडा ऐकून डोळे दिपतात, पण आपल्याला वेग नको, दम हवा. साधी 8700 मध्यम कापडासाठी असते, जाड कापडासाठी तिच्याच नावापुढे "एच" लावलेली वेगळी आहे. घेताना हे विचारून घ्या, नाहीतर शर्टाची मशीन आणून तिच्याकडून झुलीची अपेक्षा कराल. हिचा एक मोठा फायदा म्हणजे गुडघ्याने प्रेशर फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा पाय, उचलायची सोय. हाताने तो साडेपाच मिलिमीटरच उचलतो, गुडघ्याने 13 पर्यंत. घरात वापरायची तर सर्वो मोटारच (पायडल दाबलं तेव्हाच फिरणारी) बसवून घ्या. जुनी क्लच मोटार सतत घरघरते आणि हळू चालवणं नवख्याला जमत नाही.

पैशांचं एक सांगते. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी "पंतप्रधान मोफत शिलाई मशीन योजना" खोटी आहे. केंद्र सरकारच्या पीआयबीनेही (पत्र सूचना कार्यालय) तसं जाहीर केलेलं आहे. त्या लिंकवर आधार नंबर टाकू नका. खरी आहे ती पीएम विश्वकर्मा, 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेली. (आपल्या मुक्तिसंग्राम दिनाचीच तारीख, म्हणून माझ्या लक्षात राहिली.) तिच्यातल्या 18 व्यवसायांत शिंपीकाम आहे. प्रशिक्षणासोबत अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत ई-व्हाउचर मिळतं, आणि 5 टक्के व्याजाने आधी 1 लाख, मग 2 लाखांपर्यंत कर्ज. वय 18 पूर्ण हवं, एका कुटुंबातल्या एकालाच लाभ, नोंदणी सीएससी (कॉमन सर्व्हिस सेंटर) केंद्रावर.

दुकानात काय बघायचं

मोटार चालू करू देऊ नका. आधी चाक हाताने स्वतःकडे फिरवा. एका लयीत, कुठेही न अडकता फिरलं पाहिजे. मग सुई धरायचा दांडा दोन बोटांत पकडून मागेपुढे हलवून बघा. हलत असेल तर जाड कापडात सुई वाकडी होऊन खालच्या प्लेटवर आपटणार.

आता पिशवीतला तुकडा काढा. मशीनला तुमची जाड सुई लावायला सांगा आणि बारा पदरांवर हाताने चाक फिरवत चार टाके घाला. इथे कळतं. चांगल्या मशीनमध्ये सुई दाबून उतरते, "कट्" असा आवाज न होता वर येते आणि टाका पडलेला असतो. नंतर मोटारीवर, अगदी हळू. हळू चालवताना मोटार नुसती गुणगुणली आणि सुई अडली, तर दम नाही. वेगात कोणतीही मशीन चार टाके रेटून नेते, त्याला फसू नका. शेवटी पातळावरून जाडावर चढवा, जाडावरून पातळावर उतरवा आणि उलटून बघा. चढावर टाके बारीक झाले का? उतारावर एखादा सुटला का? एखादा टाका बारीक पडला तर तो सेटिंगने सुधारतो. सुटत राहिले तर मशीन ठेवून द्या.

जुनी घेणार असाल तर प्लेट काढायला लावा. सुईच्या भोकाभोवती चरे असतील तर तिने पुष्कळ सुया मोडल्यात, आणि त्या चऱ्यांवर तुमचा दोरा रोज तुटणार. कापड पुढे ढकलणारे दात बोटाने चाचपा, गुळगुळीत झाले असतील तर बदलावे लागतील. शटल, म्हणजे वरच्या दोऱ्यात खालचा दोरा अडकवणारा भाग, त्याच्या वाटेत गंज नको. अंगाला तडा असेल तर फुकट दिली तरी नको.

आणि सगळ्यात महत्त्वाचं विचारायचं ते दुकानदाराला नाही, तुमच्या भागातल्या मिस्त्रीला: "हिचे सुटे भाग लातुरात मिळतात का?" बिघडल्यावर महिनाभर पार्सलची वाट बघायची वेळ आली की दसरा निघून जातो.

सुई आणि दोरा

माझ्याकडे "मशीन टाके सोडायली" म्हणून येणाऱ्या बायकांपैकी बहुतेकींची मशीन चांगली असते, सुई चुकीची असते. ब्लाउजची 11 नंबरची सुई तशीच ठेवून जीन्स शिवायला घेतात. साध्या सुती कापडाला 14, वाकळ आणि मध्यम जीन्सला 16, कॅनव्हास, झूल, दप्तराला 18, आणि त्याहून जाडाला 21. पाकिटावर 90/14, 100/16, 110/18 असे जोडीने आकडे असतात. पहिला आकडा म्हणजे सुईची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागात, म्हणजे 100 ची सुई एक मिलिमीटर जाड. पण सुईची जात मशीनप्रमाणे बदलते. घरगुती मशीनच्या सुईची वरची एक बाजू चपटी असते, ज्यूकीची गोल. दोन्ही एकमेकींत चालत नाहीत. दुकानात जाताना जुनी सुई नमुना म्हणून न्या.

लावताना सुई वरपर्यंत पूर्ण सरकवा, आणि सुईवरची लांब खाच दोरा ज्या बाजूने ओवता त्या बाजूला ठेवा. टाके सुटण्याचं निम्मं दुखणं एवढ्यातच बरं होतं. जीन्ससाठी "जीन्स" लिहिलेली सुई मिळाली तर घ्या, ती कडक असते, कमी वाकते. चामड्याच्या सुईचं टोक धारदार, कापणारं असतं. ती कापडाला लावू नका, कापडाचे धागेच कापले जातात. आणि सुई मोडेपर्यंत वाट बघू नका. जाड कामात साधारण आठ तासांच्या शिवणीला एक सुई, हा माझा हिशोब. सुईचा खर्च चहाएवढा असतो.

दोऱ्याचा नंबर उलटा चालतो, आकडा लहान तेवढा दोरा जाड. ओढून तुटणार नाही असा पॉलिएस्टर दोरा घ्या. उन्हापावसात राहणाऱ्या वस्तूला सुती दोरा वापरू नका, पावसाळ्यात कुजतो. जाड दोरा वरून लावला की सुईही एक नंबर वाढवा, नाहीतर नेढ्यात दोरा घासून पिंजतो. दिसायला जाड दोरा हवा पण मशीन कुरकुरते, असं झालं तर वर जाड आणि बॉबिनमध्ये नेहमीचा पॉलिएस्टर भरा. मशीनला बराच आराम पडतो.

शिवताना

टाक्याची लांबी नेहमीच्या कापडाला अडीच मिलिमीटर असते, जाडाला साडेतीन ते चार करा. रेक्झिन आणि ताडपत्रीला चारहून कमी ठेवूच नका. बारीक टाक्यांनी भोकांची रांग पडते, आणि वाऱ्याच्या एका झटक्याला ताडपत्री पोस्टाच्या तिकिटासारखी त्या रांगेवर फाटते. ताडपत्रीची कड आधी दोनदा दुमडून, आत दोरी किंवा नवारपट्टी घालून मग शिवा. भोकांतून पाणी झिरपणारच, तेव्हा शिवण राशीच्या माथ्यावर येणार नाही असा जोड ठेवा. रेक्झिन फुटाखाली चिकटून पुढे सरकत नसेल तर टेफ्लॉनचा फूट मिळतो. नसेल तर वर वर्तमानपत्राची पट्टी ठेवून तिच्यावरूनच शिवा आणि नंतर फाडून काढा. शाई लागू नये म्हणून फिक्या रेक्झिनला कोरा कागद.

आता त्या बारा पदरांकडे. शिवायच्या आधी ती जागा दगडावर ठेवून, वर फडकं घालून वरवंट्याने ठोका. हसू नका. कापडाचे धागे चपटे होतात आणि उंची डोळ्यांदेखत कमी होते. मग शिवणीवर कोरड्या साबणाची वडी किंवा मेण घासा, सुई घसरत जाते. शिवत जाताना फूट चढावर आला की त्याची मान वर होते, मागची बाजू खाली राहते आणि टाके तिथेच साचतात. अशा वेळी सुई कापडात रोवून थांबा, फूट उचला, त्याच कापडाची घडी करून फुटाच्या मागे खाली सारा. फूट सपाट झाला की दाब सोडा आणि चाक हाताने फिरवत चढ ओलांडा. उतरताना तीच घडी पुढे. सात-आठ टाके हाताने घालायला अर्धा मिनिट लागत नाही. मोटारवाल्या मशीनवर हेच करा. अडकलेल्या सुईवर पायडल दाबून धरलं की विजेची सगळी ताकद वाइंडिंग तापवण्यात जाते. माझा पहिला अनुभव आठवा.

फुटाचा दाब कमी-जास्त करायचा स्क्रू किंवा आकडा मशीनच्या डोक्यावर असतो. आपण तो कधी बघतच नाही. घट्ट, सपाट कापडाला दाब वाढवा, फुगीर वाकळीला आणि फोमला कमी करा.

वाकळ मशीनवर घालायची असेल तर आधी हाताने वीत-वीत अंतरावर कच्चे टाके घाला, नाहीतर खालचा पदर पुढे आणि वरचा मागे राहून सुरकुत्या पडतात. मग दोन्ही बाजूंनी गुंडाळी करा, मधून सुरुवात करून कडेकडे जा. ओझं टेबलाखाली लोंबकळू देऊ नका, डावीकडे खाट किंवा पेटी लावा. लोंबणारं वजन सुईला ओढतं, आणि आपल्याला वाटतं मशीनच वाईट. खरं सांगायचं तर मशीनची वाकळ लवकर होते, पण आईच्या हातच्या धावदोऱ्याची ऊब तिला येत नाही. गिऱ्हाइकाला मी हे सांगते आणि तरी ती मशीनचीच मागतात.

टेन्शन, गुंता आणि इतर दुखणी

टेन्शन म्हणजे दोऱ्याचा ताण. तो बघायचा तर वर लाल आणि खाली काळा दोरा लावून तुकड्यावर शिवा. दोन्ही दोऱ्यांची गाठ पदरांच्या मधोमध लपली पाहिजे. वर काळे ठिपके दिसले तर वरचं टेन्शन जास्त आहे, खाली लाल दिसले तर कमी. सुट्टी बॉबिन केस असेल तर ती दोऱ्याला धरून लोंबकळवा. हलका झटका दिल्यावर थोडीशीच खाली उतरली पाहिजे. धडाधड उतरली तर तिचा छोटा स्क्रू पाव फेरा घट्ट करा. हा स्क्रू सगळ्यात शेवटी हलवायचा, आधी वरचं बघायचं.

खाली दोऱ्याचा गुंता झाला की सगळ्या जणी बॉबिनला शिव्या देतात. चूक जवळजवळ नेहमी वरच्या दोऱ्यात असते. तो टेन्शनच्या चकत्यांत बसलेलाच नसतो. फूट वर उचलून, कारण तेव्हाच चकत्या उघडतात, पुन्हा पहिल्यापासून ओवा. सुरुवात करताना दोन्ही दोऱ्यांची टोकं मागे धरा. सुया सारख्या मोडत असतील तर हात तपासा. कापड मागून ओढायची सवय असते, सुई वाकते आणि प्लेटवर आदळते. कापड नेणं दातांचं काम आहे. सुई, दोरा, ओवणं सगळं नीट करूनही टाके सुटत असतील तर शटलचं टायमिंग गेलंय. ते घरी उघडू नका, मिस्त्रीकडे न्या.

तेल आणि धूळ

जाड कापडाची रुई आणि आपल्याकडची उन्हाळ्यातली धूळ मिळून दातांच्या खाली नमदा तयार होतो. दर दोन दिवसांनी प्लेट काढून ब्रशने साफ करा. पोत्याचं बारदान शिवलं असेल तर त्याच दिवशी. फुंकर मारू नका, तोंडातली वाफ आत जाते. तेल फक्त शिलाई मशीनचं, पांढरं आणि पातळ. खोबरेल घातलं की थंडीत गोठतं आणि नंतर चिकट होऊन मशीन जाम होते. दुरुस्तीला येणाऱ्या जुन्या मशीनमध्ये हा प्रकार मी कितीदा पाहिलाय. प्रत्येक भोकात एक-दोन थेंब, मग दोरा न लावता मिनिटभर चालवा, मग चिंधीवर शिवून तेल पुसून घ्या. कॉम्प्युटराइज्ड किंवा काही नव्या मशीनना कंपनीनेच तेल घालू नका म्हटलेलं असतं, तिथे पुस्तिका बघा. ज्यूकीला खाली तेलाची टाकी असते, तिची पातळी रेघेपर्यंत ठेवायची.

पायमशीनचा पट्टा बोटाने दाबल्यावर थोडा लवला पाहिजे. सैल असेल तर चाक फिरतं आणि जाडावर सुई थांबते, घट्ट असेल तर पाय भरून येतात. मोटार बसवताना मोटारीवरची पुली लहान ठेवायला सांगा. वेग घटतो, जोर वाढतो. मिस्त्री म्हणेल, "हळू चालंल बरं का ताई." चालू द्या.

व्होल्टेज फार पडलं असेल तर मोटारीवर जाड काम घेऊच नका. माझ्याकडे मोटारीचा पट्टा काढून पायाचा पट्टा चढवायची सोय ठेवली आहे. गेल्या दसऱ्याला, ट्रक दारात उभा आणि वीज गेलेली, तेव्हा शेवटच्या दोन ताडपत्र्या कंदिलाच्या उजेडात पायानेच शिवून दिल्या.